दर पंचावन्न मिनिटांनी दोन कान

२०११ च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख ९९ हजार ३०२ भरली आणि आंबेगावची २ लाख ३५ हजार ९७२. बेरीज झाली सहा लाख पस्तीस हजार. तिला महाराष्ट्राचा जन्मदर लावला, तो हजारी १५ च्या आसपास आहे, तर वर्षाला साडेनऊ हजार बाळं होतात. दिवसाला सव्वीस. म्हणजे माळशेज घाटापासून मंचरच्या पुढपर्यंतच्या या टापूत दर पंचावन्न मिनिटांनी कुठे ना कुठे एक बाळ ट्यँहा करतं. हिशेब कागदावरचा आहे. कोणी बाळंतपणाला माहेरी जातं, कोणी पुण्याला, त्यामुळे तो थोडा मागेपुढे होईल. पण अंदाजाला पुरेसा आहे.

ते पहिलं रडणंही कोरं नसतं. पोटातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं. शब्द पोचत नाहीत, चाल पोचते. आईचा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, हे आतून मुरत राहतं. जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जेमतेम तीन ते पाच दिवसांच्या ६० बाळांचं रडणं त्यांनी ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं, ३० फ्रेंच आणि ३० जर्मन. फ्रेंच बाळं खालून वर चढत रडत होती, जर्मन बाळं वरून खाली उतरत, दोघंही आपापल्या आयांच्या बोलण्याच्या वळणावर.

मग जुन्नर-आंबेगावातल्या बाळानं कुठल्या वळणावर रडायचं?

पश्चिमेला आहुपे, डिंभे, नाणेघाट या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. त्यांची बोली मराठीच, पण मंचरच्या बाजारात दोन वाक्यं बोलली की माणूस वरच्या अंगाचा आहे हे दुकानदार ओळखतो. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी फिरलं आणि ऊस आला. (त्यांतल्याच डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळचं आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव देणारं गावच जागेवर राहिलं नाही.) उसामागून विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला तोडणीच्या टोळ्या. टोळी बीडची असेल तर तिची मराठी वेगळी, पाथर्डीची असेल तर वेगळी. बंजारा कुटुंबं आपसात गोरमाटी बोलतात. खानदेशाकडच्या टोळीत अहिराणी किंवा भिल्लांची बोली असते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात परप्रांतीय व्यापाऱ्यांची आणि ट्रकवाल्यांची हिंदी. आणि घरोघरी मोबाइलवर हिंदी कार्टून नाहीतर इंग्रजी बालगाणी.

हा टापू एकभाषी कधी नव्हताच. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख प्राकृतात आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि तिथल्या तीन लेखांत दान देणारे स्वतःला यवन म्हणवतात. १४९० मध्ये मलिक अहमदनं निजामशाही उभी केली ती जुन्नरातूनच, आणि कचेरीत फारसी रुळली. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले तेव्हाही खालच्या दरबारी कागदांत तिचाच वावर होता. ते फारसी शब्द हटवायला पुढे महाराजांनीच राज्यव्यवहारकोश करवून घेतला.

असे टापू असलेल्या देशात भाषा मोजायला बसलं की आकडे भोवळ आणतात. २०११ मध्ये लोकांनी आपल्या मातृभाषेची म्हणून सांगितलेली कच्ची नावं १९,५६९ निघाली. छाननी, चाळणी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणखी १,४७४ नावं कुठेच बसेनात म्हणून ‘अवर्गीकृत’ राहिली. दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या भाषांची यादी १२१ वर थांबली. त्याआधी जॉर्ज ग्रिअर्सननं तीसेक वर्षं खपून १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या होत्या. त्याच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ सालचा. अलीकडे गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणानं आकडा दिला ७८०. कोणाचा बरोबर हा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाची चाळणी वेगळ्या भोकांची आहे. गोरमाटीचंच बघा. २०११ मध्ये ३२ लाख ७६ हजार लोकांनी आपली भाषा लमाणी किंवा लंबाडी (गोरमाटीचीच ही नावं) सांगितली आणि जनगणनेनं त्या सगळ्यांना हिंदीच्या बेरजेत घातलं. आयुष्यात हिंदीचं एक वाक्य न बोललेली म्हातारीही त्या बेरजेत आहे.

यातली खरी गंमत तान्ह्या बाळांची. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती, आणि ज्याला अजून बोलताच येत नाही त्याच्या नावापुढे आईचीच भाषा लिहायची. २०११ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची मुलं १ कोटी ३३ लाखांच्या घरात होती. मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख हा जो आकडा आपण छाती फुगवून सांगतो, त्यात एक शब्दही न बोलणारे लाखो मराठी भाषक पाळण्यात पडलेले आहेत.

अर्थात बोलत नाहीत म्हणजे रिकामे नाहीत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आणि पहिल्या वर्षात त्यांच्यातले सांधे जुळवण्याचं काम जितक्या वेगानं चालतं तितक्या वेगानं पुन्हा कधी चालत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग इथे आपल्याला फार जवळचा आहे, कारण त्यात त आणि ट आहेत. कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. तिथल्या मोठ्या माणसांना त्यांत फरक जाणवत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांचा तो गेला होता. चारेक महिन्यांत कानानं ठरवून टाकलं की घरात ज्याचं काम पडत नाही तो फरक सांभाळण्यात मतलब नाही. मराठी घरातलं बाळ त-ट तर सांभाळतंच, शिवाय च आणि ज यांच्या दोन-दोन तऱ्हा सांभाळतं. चार माणसांतला च आणि गुरांच्या चाऱ्यातला च कागदावर एकच अक्षर आहे. बाळाला वाचता येत नाही, त्यामुळे त्याची फसगत होत नाही. त्याच घरात दिवसभर हिंदीही कानावर येत असेल तर हिंदीचे फरकही त्याच कानात जागे राहतात. दोन्हींचं वेगवेगळं खातं उघडण्याचं काम बाळ स्वतः करतं.

पण आवाज ओळखले म्हणजे शब्द सापडला असं नाही. बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. आजीचं ‘चलबाळादूधपी’ हे कानाला एकच लांब दोरी असते. ती कुठे कापायची? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राचा एकसुरी आवाज ऐकवला. तीन-तीन अक्षरांचे चार निरर्थक शब्द उलटसुलट क्रमानं, मध्ये श्वासाएवढीही उसंत नाही, मिनिटाला २७० अक्षरं. फक्त दोन मिनिटं, म्हणजे एकूण ५४० अक्षरं. तेवढ्यावर बाळांना खरे ‘शब्द’ आणि दोन शब्दांच्या सांध्यावर आपोआप झालेली अक्षरांची जुळणी यांतला फरक कळू लागला. कसा? कुठल्या अक्षरामागून कुठलं किती वेळा येतं याची ती नोंद ठेवत होती. आपल्या आजीच्या दोरीत ‘बा’च्या मागून ‘ळा’ सारखा येतो, पण ‘ळा’च्या मागून दूध येतं, झोप येते, काहीही येतं. म्हणून कापायचं ते ‘ळा’च्या पुढे.

गोंगाटातून नेमकं ते उचलण्याचं असंच काम करणारी महाकाय रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रत्येक अँटेनाची दुसऱ्या प्रत्येकीशी सांगड घातली की ४३५ जोड्या होतात, आणि त्यांतून आकाशातला क्षीण संदेश गोंगाटातून वेगळा काढायला संगणकांची फौज लागते. बाळाकडे दोन कान, म्हणजे जोडी एकच. आणि मागे टोमॅटो बाजारातली क्रेटची आदळआपट, लिलावाचा ओरडा, ट्रकचा हॉर्न.

आता शब्द किती पडतात कानावर, तेही बघू. अमेरिकेत मुलांच्या अंगरख्यात छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून मोजणी झाली, तेव्हा आसपासच्या मोठ्यांचे शब्द दिवसाला सरासरी बारा हजारांच्या वर निघाले. वर्षाचे ४५ लाख. तीन वर्षांचे सव्वा कोटीच्या पुढे. अमेरिकेतच एमआयटीमधल्या देब रॉय यांनी तर आपलं स्वतःचं घरच प्रयोगशाळा केलं. छतात कॅमेरे आणि माइक बसवून मुलाची पहिली तीन वर्षं टिपली. ९० हजार तासांचं चित्रण आणि १ लाख ४० हजार तासांचा आवाज जमला. नुसतं चित्रण रात्रंदिवस न थांबता बघत बसलं तरी दहा वर्षं लागतील. त्यातून उतरवून काढलेले शब्द ७० लाख. एवढ्या खटाटोपातून जी एक गोष्ट जगाला ऐकवली गेली ती अशी, की त्या मुलाच्या तोंडी पाण्याला असलेला ‘गागा’ हळूहळू ‘वॉटर’ कसा झाला. सहा महिने लागले त्याला. आपल्याकडे ‘मंमं’चा भात व्हायला साधारण तितकेच लागत असतील, कोणी कॅमेरे लावले नाहीत इतकंच.

तसं म्हणायलाही नको. बोबड्या बोलांच्या अभ्यासात मराठी फार आधीपासून आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये लहानग्यांशी बोलायच्या मराठीवर शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या अशा बोलीची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, सायबेरियाकडची गिल्याक आणि मराठी. जगातल्या हजारो भाषांमधून निवडलेल्या सहांत चिऊ-काऊ, हम्मा, भूभू, दुदू, गाईगाई यांचा नंबर लागला. हे शब्द लाडाचे वाटतात, पण त्यांची घडण हिशेबी आहे. ओठांचे आवाज, तेच अक्षर दोनदा, र नाही. र मुलाच्या जिभेला फार उशिरा येतो. चार-पाच वर्षांचं पोरही ‘लामलाम’ म्हणतं आणि त्यात काळजीचं काही नसतं.

शब्दांच्या मोजणीनं एक घोटाळाही केला. १९९५ मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी कॅन्ससमधली ४२ घरं महिन्यातून एक-एक तास ऐकून हिशेब मांडला. सुशिक्षित व्यावसायिकांच्या घरात मुलाच्या कानावर तासाला २,१५३ शब्द, कामगारांच्या घरात १,२५१, सरकारी मदतीवरच्या घरात ६१६. गुणाकार करत गेल्यावर चार वर्षांत तीन कोटी शब्दांची दरी दिसली आणि तो आकडा जगभर गाजला. मदतीवरची घरं ४२ पैकी फक्त सहा होती, हे मात्र गाजलं नाही. पुढे डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी मुलाच्या आसपास होणारं सगळ्यांचं बोलणं मोजलं, शेजाऱ्यांचं, भावंडांचं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं. तेव्हा गरीब वस्त्यांमधली मुलं तितकी कोरडी निघाली नाहीत. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांमध्ये तर चार वर्षांखालच्या मुलाला उद्देशून मोठी माणसं दिवसाच्या एका तासात मिनिटभरही बोलत नाहीत असं आढळलं. तिथली मुलं मुकी राहत नाहीत.

हे डोक्यात ठेवून पारगावकडच्या एखाद्या उसाच्या फडात जाऊन उभं राहावं. पहाटे अंधारातच टोळी फडात शिरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि ती दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरते. बाळ वाढ्यांच्या ढिगाशेजारी गोधडीवर, नाहीतर बाभळीला बांधलेल्या झोळीत. राखायला सात-आठ वर्षांची बहीण. उसात बिबट्या असतो, म्हणून बाळ नजरेच्या टप्प्यात ठेवतात आणि लांबून का होईना, सारखी हाक मारत राहतात. आई पाचटातूनच ओरडते ती गोरमाटीत. मुकादम गाडीवाल्याला घाई करतो ती बीडच्या मराठीत. शेताचा मालक बांधावरून बोलतो ती जुन्नरी मराठीत, ‘कव्हा उरकायचं?’ गाडीवाल्याच्या मोबाइलवर हिंदी गाणं. बहीण बाळाशी तिन्ही मिसळून बोलते, कारण तिला तिन्ही येतात. संध्याकाळी कोप्यांवर चुली पेटल्या की दहा-बारा कुटुंबांचा गलका. या बाळाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक दाखवणारं कोणी नाही, हे खरं. बोलणाऱ्यांचा दुष्काळ आहे, हे मात्र खरं नाही. मला तर एका फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसवलेल्या, आई-बाबा आणि कामवाल्या ताईंशिवाय कोणी न दिसणाऱ्या बाळाची जास्त काळजी वाटते.

त्या फडातलं बाळ दोन वर्षांचं झालं, समजा, आणि त्याच्यापाशी पन्नास शब्द जमले. आईसाठी याडी, भाकरीसाठी बाटी असे अठरा गोरमाटीचे, बावीस मराठीचे, दहा हिंदीचे. जवळच्या अंगणवाडीत ते चार दिवस बसलं तर ताईंना त्यातले बावीसच ऐकू येणार, आणि नोंद होणार ‘कमी बोलतो’. बार्बरा पिअरसन यांनी १९९३ मध्ये मायामीतली २५ स्पॅनिश-इंग्रजी मुलं आणि एकच भाषा बोलणारी ३५ मुलं तुलनेला घेतली. एकेका भाषेत पाहिलं तर दुभाषी मुलं मागे, दोन्हींची बेरीज घेतली तर बरोबरीला. ओडिशात अजित मोहंती यांनी कंध मुलांचा अभ्यास केला. कुई आणि उडिया दोन्ही बोलणारी मुलं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा भाषेबद्दलच्या विचारात सरस निघाली. एवढं असून ‘मूल उशिरा बोलतंय? घरात एकच भाषा ठेवा’ हा सल्ला दवाखान्यापासून देवळाच्या पारापर्यंत बिनधास्त दिला जातो. तो ऐकून आई आपली हक्काची बोली गिळते आणि तोडक्यामोडक्या मराठीत किंवा इंग्रजीत मुलाशी मोजकं बोलते. आता मात्र शब्द खरोखर कमी पडू लागतात.

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत भाषांची संख्या बघण्याआधी कान बघायला हवेत. हजार बाळांमागे एक ते तीन बाळं लक्षणीय बहिरेपण घेऊन येतात. म्हणजे या दोन तालुक्यांत वर्षाला दहा ते अठ्ठावीस. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा जगभराचा दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली आणि त्याच्या तीस आजार-दोषांच्या यादीत बहिरेपणही आहे, भाषेचा उशीरही. तपासणीचं पथक अंगणवाडीत येतं. टोळी मात्र एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकत असते.

जाता जाता अंकांचंही सांगायला हवं, कारण हा प्रदेशच अंकांचा आहे. नाणेघाटातल्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब आहे आणि त्यात १ पासून २० हजारांपर्यंतच्या संख्यांची चिन्हं आहेत, भारतातल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्या घाटाजवळच्या मुलाला आज शंभरपर्यंत मोजायचं तर काय काय लागतं बघा. इंग्रजीत २८ शब्द पाठ झाले की शंभर गाठता येतात, बाकीचे जोडून होतात. मराठीत बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दोनाचं रूप एकसारखं राहत नाही. शंभर आकडे, जवळजवळ शंभर शब्द. बाजारात हिंदी असेल तर तेवढेच आणखी, थोड्या थोड्या फरकानं, म्हणजे अधिकच फसवे. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचायची सोय दिली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जीव तोडून सांगत होत्या की जुनं काढलेलं नाही, जोडीला सोपं दिलं आहे. महाराष्ट्रभर मोठ्यांनी कल्लोळ केला. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना कोणी विचारलं नाही.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारीत, संदर्भाची तारीख १ मार्च. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा महिना, टोळ्या कोप्यांवरच असणार. २०११ च्या फॉर्ममध्ये प्रत्येकाच्या नावापुढे मातृभाषेचा एक रकाना होता आणि येत असलेल्या इतर भाषांसाठी दोन. प्रगणक त्या फडात पोचला आणि राखणाऱ्या बहिणीपाशी थांबला, तर गोरमाटी, मराठी आणि हिंदी लिहून होतील. टोळीतल्या शेजारणीकडून ती अहिराणीही उचलते आहे. तिच्यासाठी चौथा रकाना त्या फॉर्मात नव्हता. आणि कडेवरच्या बाळापुढे नियमाप्रमाणे त्याच्या आईची भाषा लिहिली जाईल, जी गेल्या वेळी हिंदीच्या बेरजेत गेली होती.